एबरहार्टरच्या भिंतीवरची गुरं

नोटबुर्गा डोर्नाउअर हे तिचं चर्चच्या वहीतलं नाव. गावाला ती बुर्गल. आणि बुर्गलने एकदा डूख धरला की धरला, हे अख्ख्या हिंटरलानला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या कासियान एबरहार्टरला, कारण त्या गृहस्थाने आयुष्यात समोरच्याच्या तोंडाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. त्याला दिसायची ती गुरं, कुरणं आणि उन्हाळ्यात त्याच्या खानावळीत उतरणारी शहरी पाव्हणेमंडळी.

बुर्गलचा बाप पाट्या रंगवायचा. आमच्याकडे डोंगरात माणूस जिथे मरतो तिथे लाकडाची पाटी लावतात. वर डोंगर, खाली तो कसा मेला त्याचं चित्र, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने एक प्रार्थना म्हणावी एवढी विनंती. बापाची माणसं बाहुल्यांसारखी असायची. झाडाखाली चिरडलेला लाकूडतोड्यासुद्धा हसतोय असं वाटायचं. बाप थकल्यावर कुंचला पोरीच्या हातात आला, आणि पाट्यांवरचे डोंगर बदलले.

काय होतं त्या डोंगरांत? शहरातून छत्र्या आणि घडीच्या खुर्च्या घेऊन येणारे चित्रकार आमच्या माथ्यावरचा राउखकोगल डोंगर गुलाबी रंगवायचे. होतो ना तो गुलाबी, संध्याकाळी घटकाभर होतो. पण उरलेल्या दिवसाचं काय? बुर्गल त्याला उरलेल्या दिवसाचा रंगवायची. कोरड्या दगडाचा करडा वेगळा, ओल्याचा वेगळा, आणि ज्या घळीत ऊन कधी पोचत नाही तिथला तर विचारूच नका. तिच्या पाटीपुढे उभं राहिलं की मानेवर गार वारा लागायचा. इथे पाय घसरतो, इथे धरायला काही नाही, हे पायांनाच कळायचं. जिल्ह्याच्या गावापलीकडे तिचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, आणि तिचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं.

तिला आई-बापामागे उरला होता एक भाऊ, विन्झ. हसरा, उंच, शीळ घालण्यात पटाईत. उन्हाळ्यात तो कासियानची गुरं घेऊन वरच्या कुरणांवर राहायचा. त्या वर्षी सप्टेंबरात अवेळी बर्फ पडला, त्यावर धुकं उतरलं, आणि शेकी ही कळपाची म्होरकी गाय विळ्याच्या घळीवरच्या कपारीत जाऊन अडकली. नेमका कासियान त्या दिवशी वर आलेला. गुरं उतरायचा दिवस जवळ आला होता, आणि शेकीच्या शिंगांवरचा फुलांचा मुकुट बघायला इन्सब्रुकहून पाव्हणे येणार होते.

"जा, घेऊन ये तिला," कासियान म्हणाला.

"मालक, धुकं जरा उठू दे की. ती कुठे जात नाही, शहाणी गाय आहे."

"घाबरलास होय रे? सांग तसं. मी जातो, तू इथे चुलीपाशी बस बांगड्या भरून."

विन्झ गेला. संध्याकाळी शेकी आपल्या पायांनी परत आली. विन्झ दुसऱ्या दिवशी घळीच्या तळाशी सापडला.

हे सगळं वरच्या म्हाताऱ्या गुराख्याने कानांनी ऐकलं होतं, त्याने येऊन बुर्गलला सांगितलं. कासियान मात्र गावात सांगत फिरला की पोरगा आपल्या मनाने गेला, मी तर नको नको म्हणत होतो. म्हातारा गुराखी त्याच हिवाळ्यात वारला. मग काय, एका बाजूला मेलेल्या दोघांचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला खानावळवाला एबरहार्टर.

पण बुर्गलच्या काळजात जे रुतलं ते याच्याही पुढचं. आमच्याकडे उन्हाळा सुखरूप गेला तर गुरं फुलं घालून, घंटा वाजवत उतरतात. वर कुणी मेलं असेल तर फुलं नाहीत, घंटा नाहीत. म्होरक्या गाईच्या शिंगांना काळी फीत, बस्स. हे कुणी कुणाला शिकवत नाही. म्हणून बुर्गल निश्चिंत होती. उतरणीच्या आदल्या दिवशी तिला कळलं की खानावळीच्या अंगणात बायका मुकुट बांधायला बसल्यात. ती तशीच उठून गेली.

"मालक, हे काय चाललंय?"

"काय चाललंय? दरवर्षी चालतं तेच."

"माझा भाऊ गेलाय. तुमच्या कुरणावर, तुमच्या गाईपायी गेलाय. फुलं घालून उतरणार तुम्ही?"

कासियानने पाइप तोंडातून काढलासुद्धा नाही. "हे बघ पोरी, वाईट झालं. पुरायचा खर्च मी केला की नाही? पण दुखवटा घरच्या माणसाचा धरतात. गडी म्हणजे घरचं माणूस नव्हे. उद्या कुणाचा गडी मेला म्हणून गावोगावची गुरं भुंडी उतरायला लागली तर झालंच कल्याण!"

"मी तुमच्याकडे दुसरं काही मागत नाही. फक्त ही एक उतरण फुलांवाचून करा. त्याचं नाव घ्या आणि करा."

"पाव्हणे आलेत," कासियान म्हणाला, आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गुरं उतरली. शेकीच्या डोक्यावर हातभर उंच मुकुट, लाल-निळी फुलं, मध्ये आरसा. घंटांच्या आवाजाने दरी दणाणून गेली. पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. बुर्गल रस्त्याच्या कडेला उभी राहून शेवटची गाय जाईपर्यंत बघत राहिली. तिच्या अंगाची लाहीलाही होत होती. घरी येऊन तिने विन्झची पाटी रंगवली, घळीपाशी नेऊन ठोकली, आणि मग ती वाट बघायला लागली. कशाची, ते तिचं तिलाही नीट ठाऊक नसावं. पण या माणसाला सगळ्या जगासमोर, फुलांवाचून, विन्झचं नाव घ्यायला लावायचं, एवढं तिने मनाशी पक्कं बांधलं होतं.

वर्षं गेली. खाली रेल्वे आली, पाव्हणे वाढले, कासियानने खानावळीवर मजला चढवला. आता त्याला पुढच्या भिंतीवर चित्र हवं होतं. साधुसंतांचं नको, ते सगळ्यांच्याच भिंतींवर असतं. राउखकोगल हवा, आणि त्याच्याखाली फुलं घालून उतरणारा त्याचा कळप. शहरातल्या चित्रकाराने गुलाबी नमुना आणून दाखवला. कासियान कितीही नालायक असला तरी जन्मला होता याच डोंगराखाली. त्याने नमुना परत केला.

"हा डोंगर नाही, केक आहे," तो बायकोला, ओटिलीला, म्हणाला. "डोंगर काढावा तर त्या बुर्गलने. पण ती यायची नाही."

बुर्गल निरोप मिळताच आली. अंगणात उभी राहून म्हणाली, "करते."

गावाला हे काही पचलं नाही. लोकांनी तिला तोंडावर टोचायला सुरुवात केली. विहिरीवरच्या बायका म्हणाल्या, "काय गं बुर्गल, क्रोनच्या नाण्यांचा आवाज घंटेहून गोड लागतो वाटतं?" फादरसुद्धा प्रवचनात भावाच्या रक्ताबद्दल काहीबाही बोलले आणि बोलताना तिच्याच बाकाकडे बघत राहिले. तिने सगळं ऐकून घेतलं. नाक मुरडणाऱ्यांना उलट विचारलंसुद्धा नाही की तुम्ही सगळे त्या दिवशी फुलं बघायला रस्त्यावर उभे होतात ना?

भिंतीच्या चित्राची गोष्ट अशी असते. गवंडी रोज एक तुकडा ओल्या चुन्याने लिंपतो आणि चुना सुकायच्या आत तेवढं रंगवून घ्यायचं. ओल्यात गेलेला रंग दगड होतो, नातवंडं बघतात. पण काही निळे आणि लाल रंग ओला चुना खाऊन टाकतो. ते शेवटी, भिंत वाळल्यावर, चक्का आणि चुना घोटून त्यात कालवून लावतात. चक्का भिंतीला असा धरतो की नखाने निघत नाही. म्हणून चित्र काढणाऱ्याला घरधनिणीने रोज ताजा चक्का द्यायचा, ही रीत.

गवंडी होता ब्लासी, विन्झच्या बरोबरीचा. चित्र कुठे काढायचं यावरून पहिल्याच दिवशी बोलणं झालं.

"वर, छपराच्या सावलीत काढते," बुर्गल म्हणाली. "पावसापासून राहील."

"वर कोण मान मोडून बघणार?" कासियान उसळला. "खाली, खिडक्यांच्या मध्ये काढ. पाव्हण्यांना शेजारी उभं राहून फोटो काढता आला पाहिजे."

"खाली बर्फ साचतो, मालक. भिंतीला लागून छातीएवढा."

"मला शिकवू नकोस गं. माझी भिंत आहे."

"बरं," बुर्गल म्हणाली. तिने मान खाली घातली, कारण तिला हसू येत होतं. हट्टी माणसाला नको म्हटलं की तो तेच करतो, हे तिने त्याच्याकडूनच शिकून ठेवलं होतं.

आधी डोंगर झाला. असा राउखकोगल तिने पुन्हा कधी काढला नाही. रस्त्याने जाणारे गाडीवाले बैल थांबवून बघायचे. कडे, त्यांच्यावरचा जुना मळकट बर्फ, आणि उजव्या अंगाला विळ्याची घळ, थेट वरून, त्या कपारीवरून दिसते तशी. तिथून ती घळ जिवंत माणसांपैकी एकट्या कासियानने बघितली होती, त्या दिवशी धुकं उठल्यावर. मग बुर्गलला ती कशी ठाऊक? वर चढून, कपारीवर पालथी पडून, कितीतरी वेळा. चित्रातली घळ बघून कासियानने पाइप झटकला, मग म्हणाला, "बरी जमलीय. जरा काळोखी आहे."

मग गुरं झाली. शिंगांवर तिने काळ्या रंगाच्या फिती काढल्या, माना उघड्या ठेवल्या.

"हे काळं काय?" कासियानने विचारलं.

"अस्तर. काळ्यावर फुलं उठून दिसतात."

"आणि घंटा?"

"फुलं आणि घंटा शेवटी. वाळल्यावर."

त्याला ते पटलं. कुणालाही पटलं असतं, कामाची रीतच तशी.

वाळल्यावर ओटिलीने चक्क्याचं भांडं आणून ठेवलं. बुर्गल परांचीवर चढून बसली, पिशवीतून काळा पाव काढला, त्यावर चक्का थापला, वरून मीठ भुरभुरलं आणि खायला लागली. खाली ब्लासी चुन्याचं घमेलं धूत होता. त्याने वर बघितलं.

"अगं, तो रंगात घालायचा आहे."

"भूक लागलीय."

"सगळा खाल्लास तर फुलं कशात कालवणार?"

"कांजीत," बुर्गल म्हणाली आणि बोटं चाटली.

ब्लासी तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला, पण पडला. पिठाच्या कांजीतली फुलं! पहिल्या ओल्या बर्फापर्यंत टिकतील फार तर.

"आज चक्का चांगला झालाय का गं?" त्याने एवढंच विचारलं.

"फक्कड झालाय. उद्या जास्त मागून घे, तुलाही देते."

दोघांनी मिळून एबरहार्टरच्या भिंतीचा चक्का रोज खाल्ला. बुर्गलला जेवणाची चव लागली ती कितीतरी वर्षांनी.

फुलं मात्र तिने जीव ओतून काढली. लाल, निळी, पिवळी, प्रत्येक गाईला मुकुट, प्रत्येक मानेला नक्षीच्या पट्ट्याची घंटा. बघणाऱ्याचे डोळे दिपले. कासियानने पिंप फोडून सगळ्या गावाला बिअर पाजली आणि बुर्गलच्या पाठीवर थाप मारली. "शेवटी शहाणी झालीस पोरी. झालं गेलं सोडून द्यावं माणसाने." ती थाप तिच्या पाठीवर हिवाळाभर जळत होती.

त्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडला. वितळला, गोठला, पुन्हा वितळला. भिंतीला लागून ढीग साचले, छपराचं पाणी त्यावर ठिबकत राहिलं. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात गड्यांनी फावड्यांनी ढीग उपसले आणि त्यातला एक फावडं टाकून देऊन क्रूसाची खूण करत मागे सरला.

फुलं गेली होती. घंटा गेल्या होत्या. राउखकोगल तसाच, लखलखीत करडा. आणि त्याच्याखालून एबरहार्टरचा कळप उघड्या मानांनी, शिंगांना काळ्या फिती बांधून मुकाट उतरत होता.

चर्च सुटलं तेव्हा सगळं गाव भिंतीपुढे उभं राहिलं. कुणी टोपी काढली, मग सगळ्यांनीच काढली. विहिरीवरच्या त्याच बायका आता बुर्गलकडे बघायला धजेनात. कासियान मात्र तणतणत तिच्या घरी गेला.

"सटवे, परत रंगव! आत्ताच्या आत्ता!"

"मी रंगवली होती, मालक. तुम्ही बघितलीत, गावाने बघितली, वर बिअर प्यायलात. भिंतीने टाकली तर मी काय करू? भिंतीला विचारा."

"मी पुसून टाकीन सगळं!"

"पुसा की. तुमची भिंत आहे."

त्याने ब्लासीला बोलावलं. ब्लासी म्हणाला, "मालक, त्याच्यावर चुना फासायला माझा हात उचलायचा नाही." दुसरा गवंडीही नाही म्हणाला, तिसऱ्याची बायको आडवी आली. शेवटी एका पहाटे बुर्गल दुधाला निघाली तेव्हा तिला कासियान स्वतःच भिंतीपुढे उभा दिसला, हातात चुन्याची बादली आणि कुंचला. कुंचला उचलला होता त्याने. पण त्याची नजर घळीवर गेली आणि तिथून हलेना. सकाळच्या त्या उजेडात घळ खोल खोल दिसत होती. तो बराच वेळ तसाच उभा राहिला, मग बादली तिथेच ठेवून आत गेला. बुर्गल झाडाआडून बघत होती. तिला इतका आनंद झाला की ती दूध न घेताच घरी आली.

खरी गंमत उन्हाळ्यात सुरू झाली. पाव्हणे आले आणि चित्रापुढून हलेनात. फुलं असताना त्यांनी बघितलं असतं आणि पुढे गेले असते. आता त्यांच्या खुर्च्या तिकडे तोंड करून मांडल्या जायच्या. एका बाईने रोज तिथेच कॉफी घेतली. म्हणाली, हे बघितलं की कॉफी गोड लागत नाही, आणि तरी बघावंसं वाटतं. आणि काळ्या फितीचा अर्थ तर इन्सब्रुकच्या माणसालाही कळतो. म्हणून जेवताना कुणी ना कुणी विचारायचंच.

"मालक, कोण हो वारलं?"

"कुणी नाही, नुसतं चित्र आहे," कासियान म्हणायचा. पलीकडच्या टेबलावर गावातलं कुणीतरी खाकरायचं.

मग तो म्हणायला लागला, "एक गडी. जुनी गोष्ट आहे."

"अरेरे! कसा?"

"पडला."

"एकटाच गेला होता का हो?"

इथे कासियान भांडी उचलून आत जायचा. रोज हेच. डम्पलिंग वाढताना तेच, बिल देताना तेच. जुलैत त्याने बाहेर येऊन वाढणं बंद केलं. ऑगस्टात त्याचा कोट अंगावर लोंबायला लागला. ओटिली एकदा बुर्गलच्या दाराशी आली.

"अगं, त्याला झोप नाही. पुरे कर आता. बाईमाणूस आहेस, काही दयामाया?"

"ओटिलीबाई, माझं मागणं काय आहे ते त्यांना तेव्हाच सांगितलंय. तेव्हा तुम्हीही अंगणात फुलं बांधत बसला होतात."

ओटिली परत गेली.

उतरणीच्या आदल्या दिवशी मुकुट तयार होते. पण वरून गड्यांनी निरोप पाठवला, भिंत दुखवट्यात आणि आम्ही फुलं घालून तिच्यासमोरून जायचं, हे होणार नाही. हवं तर मालकांनी स्वतः गुरं आणावीत. कासियानने मुकुट अंगणातच ठेवले. काठी घेतली आणि वर गेला.

दुसऱ्या दिवशी गाव रस्त्यावर जमलं, पाव्हणेही होते. घंटांची वाट बघत सगळ्यांनी कान लावले, पण घंटा वाजल्याच नाहीत. नुसते खूर वाजत आले, शेकडो खूर, दगडांवर. वळणावरून पहिली गाय दिसली. तिच्या शिंगांना काळी फीत होती. मागोमाग सगळा कळप, उघड्या मानांचा. आणि सगळ्यांच्या मागे कासियान एबरहार्टर, टोपी हातात धरून.

तो रस्त्यालगतच्या पाण्याच्या हौदापाशी उभ्या असलेल्या बुर्गलसमोर थांबला. "झालं समाधान?"

"कुणासाठी आणलीत अशी?" ती म्हणाली. "नाव घ्या."

त्याने इकडेतिकडे बघितलं. एका टाळीचाही आवाज नाही.

"विन्झसाठी," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, "विन्झेन्झ डोर्नाउअरसाठी. तो नको म्हणत होता. मी पाठवला त्याला. गाईसाठी."

पाठीमागे कुणीतरी हुंदका दिला, बहुतेक ओटिलीने. कासियानने मागे वळून बघितलं नाही.

"आता तरी माफ केलंस?"

"नाही," बुर्गल म्हणाली. "ते तुम्हाला नाही मिळायचं, या जन्मी तरी नाही. पण एवढी वर्षं नुसता तुमचा गडी मेला होता. आज माझा भाऊ मेलाय. आता बाजूला व्हा मालक, मला रडायचंय."

कासियान बाजूला झाला, आणि बुर्गल हौदाच्या काठावर बसून सगळ्या गावादेखत मोठमोठ्याने रडली.